दोन सूत

मार्केट यार्डात हळदीचं गोदाम पाडलं,
त्याच्या सागवानी फळ्या टेम्पोत घालून आणल्या.
आठ दिवस खोलीत नुसत्या पडू दिल्या.
लाकडाला घराची सवय लागू दे, म्हणाला गजाभाऊ सुतार,
आणि रंधा उसना देऊन मिरजेला निघून गेला.

खोबण साफ करावी तर
अजून पिवळी पूड सांडते.
नखं पिवळी, कोपरं पिवळी.
"कुणाच्या हळदीला जाऊन आलात?" मालन दारातूनच.
लग्नाला बावीस वर्षं. तरी लाजलो.

फळी भिंतीला भिडवायची नाही,
बोटभर जागा सोडायची, पावसाळ्यात फुगते,
मी तिला समजावत होतो.
"कपाटाचं दार दर आषाढात कोण ओढतं?"

शेवटची ओळ बसेना.
एका टोकाला चपखल,
दुसऱ्या टोकाला दोन सूत उघडी.
गुण्या लावला.
खोलीच तिरकी.
ही भिंत आम्ही दोघांनी घातलेली,
दोरीचं एक टोक दादांच्या हातात,
एक माझ्या.
कुठलं सरकलं, आता विचारणार कुणाला?
फळीच तासली मग,
भिंतीसारखी तिरकी.

रात्री अनवाणी चालून बघितलं.
तिसरी फळी कुरकुरली.
मी हातोडी शोधायला लागलो.
"राहू दे," मालन म्हणाली,
"चोर आला तर कळेल."