सपाट जागा

मेस्तियात सपाट जागा एकच, शाळेमागचं मैदान.
बाकी सगळा गाव उतरणीला खांदा लावून उभा.

सकाळी बिद्झिनाकाकाने माझ्या डेलिकाचं गिअरचं तेल काढलं.
काळं, जळक्या कॉफीच्या वासाचं.
पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत मोजलं :
चार भरल्या, पाचवी निम्म्याला जरा कमी.
तेवढंच नवं ओतलं नरसाळ्यातून,
डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल.
“हा झाला अंदाज,” म्हणाला,
“खरं काय ते गाडी तापल्यावर कळेल.”

मग हात्सवालीपर्यंत जाऊन आलो, वीस मिनिटं,
दोघंही न बोलता, कान खालच्या आवाजाकडे.

मैदानात सामना रंगात आलेला, चार-तीन.
मुलं वैतागली.
गोलकीपर तेकले, वय दहा,
हातात बापाचे वेल्डिंगचे मोजे,
म्हणाली, इथं सपाट नाहीच मुळी.
आणि चेंडू ठेवला चाकाशेजारी.
चेंडूने थोडा विचार केला
आणि निघाला नदीकडे.

गाडी मागे घेतली. चेंडू निघाला, पण सावकाश.
अजून मागे, पेनल्टीच्या ठिपक्याच्या डावीकडे.
आता मात्र तो बसून राहिला
चुलीपुढच्या मांजरासारखा.

ब्रेकवर पाय ठेवून दांडा हळूहळू फिरवला :
रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, दोन, एल, आणि परत.
“प्रत्येक उंबऱ्यावर थोडं टेक,” काका म्हणाला,
“तेलाला सगळं घर बघू दे.”
शेवटी न्यूट्रल. दुसऱ्या गाड्या पार्कमध्ये तपासतात,
हिची रीत वेगळी.
म्हणून हँडब्रेक, वर चाकांपुढे-मागे दगड.
एक म्हटलं तर मुलांनी अकरा आणले.

इंजिन चालूच.
पट्टी ओढली, पुसली जुन्या चादरीच्या तुकड्याने
(लोकर नको, तंतू राहतो),
पुन्हा तळापर्यंत खुपसली, पुन्हा ओढली.
पट्टीवर दोन जपानी अक्षरं.
सात वर्षं मी ती नुसती बघत होते.
गेल्या साली एका जपानी पाहुण्याने सांगितलं :
खालचं थंड, वरचं गरम.
एवढंच. मला वाटलं होतं, काही आशीर्वाद असेल.

नवं तेल इतकं नितळ की दिसेचना.
तेकलेने पट्टी बर्फाच्या डोंगरासमोर धरली.
एका बाजूला वर, एका बाजूला खाली.
“भांडण असलं तर खालच्या बाजूचं ऐकायचं.”
खालची बाजू गरमच्या खुणांच्या जराशी अलीकडे.

माझा हात सरळ बाटलीकडे गेला.
कारण ऑगस्टात, उश्गुलीच्या चढावर,
नऊ माणसं मागे बसलेली, फोटो काढणारी,
इंजिन किंचाळलं आणि गाडी गेलीच नाही पुढे.
तीन सेकंद असतील. चार.
मग गिअर लागला.
मागून कुणीतरी म्हणालं, किती सुंदर दरी.

“सगळी ओतू का?”
काकाने बाटली माझ्या हातातून काढून घेतली.
“कमी पडलं तर घसरते.
जास्त झालं तर फेस होतो, आणि फेसावरही घसरतेच.
तेलालाही सांगावं लागतं : उतू नको, मातू नको.”
मग चहाचा अर्धा पेला. थांबलो.
पुन्हा पट्टी, पुन्हा चादरीचा तुकडा, पुन्हा डोंगर.
मुलांत बारीकशी पैज लागलेली.
अजून दोन घोट.

“बस,” तेकले म्हणाली, काकाच्या आधी.
दोन खुणांच्या मध्ये, किंचित वरच्या अंगाला.
उरलेली बाटली मी सीटखाली ठेवली,
काका बघतोय हे बघून.

चढून बसले. ब्रेक दाबला, दांडा ड्राइव्हला,
हँडब्रेक सोडला, पाय उचलला.
धक्का नाही, किंचाळणं नाही,
गाडीने फक्त पाऊल टाकलं
आणि दगडाला भिडली,
ढुशी द्यायला आलेल्या गाईसारखी, ठाम.

“अगं, दगड!” सगळं मैदान ओरडलं.
मी काचेतून हात हलवला
आणि आणखी क्षणभर
तिला तसंच ढकलू दिलं.