एकशे एक्याण्णव

पेड्याच्या मैदानावर चुन्याच्या फुल्या मारल्या होत्या,
चारशे बारा.
माझी एकशे नव्वदावी.
वेळगेकर सर म्हणाले, फुली म्हणजे तुझं घर,
शिंक आली तरी घर सोडायचं नाही.

आम्हाला उंचीप्रमाणे लावलं, शाळेप्रमाणे नाही,
म्हणून शेजारी इनासिन आली,
कॉन्व्हेंटची, गुडघ्यावर खपली,
ओठांतल्या ओठांत मोजणारी: पांच, स, सात, आठ.
सहा तिच्या तोंडात कधी पुरा झालाच नाही,
त्यामुळे आठव्या ठोक्याला वाकायचं तर
ती साडेसातलाच वाकायची.

पहिल्या शिटीला रिंग डोक्यावर,
दुसरीला गुडघे,
तिसरीला मागे वाकून कमान.
कमानीत माड उलटे, खाली आभाळ,
आणि तिचं उलटं तोंड,
हसू दाबून दाबून लाल.

एकदा कुंपणापलीकडे पोदेराने भोंगा वाजवला
नि अर्धा गोवा गुडघ्यावर बसला.
सर ओरडले, पावाला सलामी देताय?
त्या दिवशी आम्ही एक उंडो दोघींत खाल्ला,
चुन्याच्या हातांनी.

वरून पाहिलं तर आम्ही अक्षरं होतो म्हणे.
आम्ही दोघी 'वा'च्या पोटातली गोलाई.
मला दिसायची ती समोरच्या मुलीची वेणी,
रिबीन सुटत आलेली.

सतरा डिसेंबरला इनासिन आली नाही.
अठराला रंगीत तालीम, तेव्हाही नाही.
कुणी म्हणालं, बापाचे कागद झाले,
आजोबाचा जुना जन्मदाखला कामी आला,
पोर्तुगालचा पासपोर्ट, रात्रीचं विमान,
तिथून पुढे इंग्लंड.
सरांनी यादीत रेघ मारली.
तेवढ्या उंचीची दुसरी मिळेना.
म्हणाले, जागा राहू दे तशीच,
सरकलात तर अख्खं अक्षर बिघडेल.

एकोणीसला झेंडा वर गेला,
मुक्तिदिनाचं भाषण झालं, शिट्या झाल्या.
मी कमान केली. शेजारी
नुसती फुली, तिच्यावर एक मुंगळा.
मी साडेसातला वाकले होते.
पाहुणे टाळ्या वाजवत होते.

फोटो पाण्याच्या टाकीवर चढून काढलेला.
शाळेच्या जिन्यात अजून आहे, काच तडकलेली.
चारशे अकरा ठिपके.
मी स्वतःला शोधते
आणि दर वेळी वेगळीच कुणी सापडते.
तिची जागा मात्र लगेच दिसते.
मग तिथून डावीकडे एक मोजायचं:
ही मी.