गल्लीचं नाव

द्वारकेला, पुलाच्या चढावर, ती पुन्हा अडखळली.
मागे सहा क्रेट खारी, दोन क्रेट नानकटाई,
मी पाय दाबतोय आणि गाडी विचारात:
जाऊ की नको, जाऊ की...
मग एकदम हिसका.
वरच्या क्रेटमधली खारी भुगा होऊन
माझ्या कॉलरमध्ये.

डॅशबोर्डवर पिवळी बत्ती, इंजिनाचं चित्र.
चौदा महिने मी तिच्यावर
गॅस एजन्सीचा स्टिकर लावून ठेवला होता.

अंबडच्या माणसाने यंत्र लावलं, आकडा वाचला,
पी शून्य एक सात एक,
आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला. चार हजार दोनशे.
पंधरा दिवसांनी तोच आकडा. मग प्लग.
मग कॉइल. मग म्हणाला,
व्हॅनच म्हातारी झाली, शेठ, काढून टाका.
शेठ!
बेकरी मेहुण्याची,
आणि व्हॅन परवापरवापर्यंत बँकेची.

हमीद कोकणींचं गॅरेज जुन्या नाशकात,
गल्ली एवढी अरुंद की गाडीचं तोंड आत,
पाठ रस्त्यावर, आणि पाठीला
मेथीवालीच्या शिव्या.
त्यांनीही यंत्र लावलं. तोच आकडा.
मी म्हटलं, झालं, परत सेन्सर.
"मिश्रण पातळ आहे, एवढंच म्हणतोय तो.
कोड म्हणजे गल्लीचं नाव, गायधनी.
घर नंबर नसतो त्यात.
घर आपण दारं वाजवत शोधायचं."

माझी सीट उचलली. खाली इंजिन.
सात वर्षं मी ज्याच्यावर बसलो, ते
तेलकट, छोटं, कोपऱ्यात अंग चोरून बसल्यासारखं.
स्क्रीनवर आकडे हलत होते:
उभ्या गाडीत अधिक बावीस,
रेस दिली की अधिक चार.
ते बघत राहिले. चहावर साय धरली.

"रिझवान, काय वाटतं?"

सतरा-अठराचं पोर, हातात पाना,
ओठ जुळवून उभं.
"ह..." म्हणाला. "ह..."
मला शब्द माहीत होता. माझ्या जिभेवर आला होता.
हमीदभाईंनी माझ्याकडे न बघता
एक काळं बोट वर केलं.
मी गप्प. इंजिन गुरगुरत होतं,
मेथीवाली कुणाला तरी सुटे मागत होती,
आणि आम्ही दोन मोठी माणसं
एका अक्षराच्या दारात उभी.

"हवा," रिझवान म्हणाला. "च-चोरून येतेय.
उभी असताना ज-जास्त कळते."

मग त्याने मोगऱ्याची उदबत्ती पेटवली.
"पेट्रोलपासून लांब धर," एवढंच ते बोलले.
धूर सरळ. सरळ. क्लिपजवळ सरळ,
मनिफोल्डच्या कडेने सरळ,
आणि ब्रेककडे जाणाऱ्या पाइपाच्या वळणावर
वाकला.
आत कुणी नाव घेऊन बोलावल्यासारखा
वाकला आणि नाहीसा झाला.
रबराला चीर, नखाएवढी.
रिझवानने तिच्यावर अंगठा ठेवला
आणि इंजिनाचा आवाज
एक पायरी खाली उतरून स्थिर बसला.

पाइप एकशे ऐंशी, मजुरी दीडशे.
मी आणखी पन्नास पुढे केले, रिझवानने
परत माझ्या खिशात घातले, न बोलता,
किंवा बोलायला लागून वेळ जाईल म्हणून.

बत्ती अजून पेटलेलीच.
"ती पुसा ना."
"पुसेन, एका बटणात पुसेन. पण तुला कळणार कसं?
चालव चार दिवस. तिची तिला खात्री पटू दे."

स्टिकर मी काढला. गोंद मात्र निघेना.

तिसऱ्या दिवशी, की चौथ्या,
उपनगर आणि बिटकोच्या मध्ये कुठेतरी ती विझली.
नेमकी कुठे ते मला सांगता येणार नाही,
मी पुढच्या रिक्षाला शिव्या घालत होतो.
जेल रोडच्या दुकानात क्रेट उतरवताना लक्षात आलं.
दुकानदार म्हणाला, आज खारी अख्खी आहे.
मी म्हटलं, ह...
आणि थांबलो थोडा,
त्याने वाट पाहिली नाही.