हाक्याचा वाटा

दिवाळी उलटली की वाट वाळते.
कुसळी पिवळी पडते, तरवड शेंगा वाजवतो,
आणि मी पहाटे पाचला साखळीला तेल सोडते.

सायकल तंत्रनिकेतनातल्या एका पोराची.
नापास होऊन तो पुण्याला परत गेला, ती राहिली.
एकवीस गिअर, पुढचा शॉक गळका,
मागचं चाक असं, की पायडल थांबवलं
की किटकिट करत सुटतं उतारावर.
अंबाजोगाईत ती किटकिट आता माझं नाव आहे.
प्रयोगशाळेतल्या बाई, वय त्रेचाळीस, किटकिट.

बुट्टेनाथाच्या अंगाला गुरांनी पाडलेली वाट,
खाली मुरूम, दोन्हीकडं सीताफळीची झुडपं,
मध्ये एक वळण, तिथं छाती हलकी होते.
ती वाट माझी, असं मी चार हिवाळे समजत होते.

आसराजी दिसला तो आधी विडीच्या ठिणगीएवढा.
मग घोंगडी. मग माणूस.
"ताई, कुनीकडं निगालाव?"
"कुठंच नाही. खाली जाते, वर येते."
त्यानं यावर बराच विचार केला.
"मंग अंगावर भडक कायतरी घाला.
उसात डुकरं लागल्यात,
बांधावर पोरं बसल्यात ठासणीच्या घेऊन.
धुक्यात वाकून येताव तुमी,
मागून डुकरावानीच दिसताव."

दुसऱ्या दिवसापासून मी शेंदरी जाकीट घालते,
रस्ता सुरक्षा सप्ताहातलं,
पाठीवर लिहिलंय 'वेग आवरा'.

तसं आमचं जमलं. बोलून ठरलं काहीच नाही.
मी हिवरापासून पुढं घंटी वाजवायची नाही.
त्यानं फासे वाटेत आडवे लावायचे नाहीत,
कडेला लावायचे, गवताच्या बोळांत.
आजा घोड्याच्या केसांचे वळायचा म्हणे,
हा नायलॉनचे वळतो, मांडीवर, न बघता.
कायद्याचं कलम मी त्याला एकदा सांगून पाहिलं.
"गार्डसायबाला बी पाठ हाय," तो म्हणाला.
"तितर त्यांना रश्श्यातला आवडतो."

पौष लागला. हँडलला हात चिकटायला लागला.
एका गुरुवारी वळणावरच्या धोंड्यावर
तितर ठेवलेला, पाय सुतळीनं बांधलेले,
मान कलंडलेली, छातीवर
कुणीतरी बसून काढलेल्या बारीक रेघा.

"हे काय?"
"तुमचा वाटा."
माझा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला.
"आमच्यात चालत नाही."
"खाऊ नका. पर हाक्याचा वाटा काढावाच लागतो.
आज्याच्या टायमाला सात मानसं लागायची,
डबडी बडवीत यायची वरून.
आता पोरं गेली कारखान्यावर, कोयता घेऊन.
तुमी येताव की.
चाक किटकिटलं की पाखरू उडत न्हाई,
पळतं. गवतात शिरतं.
अन् गवतात म्या."

"कधीपासून?"
"शॉक गळत नव्हता तवापासून."

म्हणजे ते वळण.
ते छातीतलं हलकं होणं.
दर उताराला किती, हे मी विचारलं नाही,
त्यानं मोजलं असेल याची भीती वाटली.
तितर त्याच्या पिशवीत परत ठेवला.
ऊब होती अजून. एक पीस
जाकिटाला चिकटून घरापर्यंत आलं.

रात्रभर मी चाकाचा विचार केला.
उतारावर पायडल मारत राहिलं तर ते गप्प राहतं,
पण मग वळण घेता येत नाही.
हातानं ढकललं तरी बोलतंच.

शुक्रवारी हिवरापाशी उतरले.
सायकल खांद्यावर घेतली, पंधरा किलो,
साखळीचं काळं गालाला लागलं,
आणि खाली चालत निघाले, मुरमात घसरत.
डावीकडं गवतात कुणीतरी ओरडलं,
कतिला, कतिला, आणि थांबलं नाही.

घोंगडी उठली.
"पंक्चर?"
"हो."
तो जवळ आला. अंगठ्यानं
मागचं टायर दाबलं. मग पुढचं.
दोन्ही दगडासारखी घट्ट.
"व्हय," आसराजी म्हणाला,
"पंक्चरच हाय."