घट

एकतीस वर्षं मी कोराडी रस्त्यावर
धर्मकाट्याच्या केबिनमध्ये बसलो.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधली वजाबाकी.
कोळसा वाटेत ओला व्हायचा, सुकायचा,
ताडपत्री नसली की उडायचा,
कधी ड्रायव्हरच्या घरच्या चुलीतही जायचा.
टनामागं पंधरा-वीस किलो इकडंतिकडं.
रजिस्टरात त्यासाठी रकानाच होता: घट.
मी तो भरायचो आणि चहा मागवायचो.

माझी शलाकाही मोजमापातच आहे.
भट्ट्यांच्या देशांत जाते,
डब्यांना सील लावते,
कॅमेऱ्यातली रात्र उलटी फिरवून पाहते,
जे होतं ते अजून आहे का, एवढंच विचारते.
पौनीकर वहिनींना हे कसं सांगावं
मला अजून जमलं नाही.
बँकेत आहे, म्हणतो.

फेब्रुवारीत नागपूरला आली.
मानकापूरच्या गच्चीवर दोरीवरचा टॉवेल झटकला,
राख उडाली, नेहमीची.
मी म्हटलं, पाह्य, तुमचंच बरं.
ना धूर, ना राख.
आता तर अमका देश भट्टी घेऊन राहिला,
त्याच्या शेजारचा तमका पण,
समुद्राचं पाणी गोड करायला, शहरं थंड ठेवायला.
घेऊ दे ना बाप्पा. आम्ही खोकलो तेवढं पुरे.

ती हो म्हणाली. मनापासून हो म्हणाली.
मग टॉवेलची घडी करता करता:
"बाबा, पहिल्याला वीजच हवी असते.
पण त्याला वीजच हवी आहे,
यावर दुसऱ्याचा विश्वास नसतो.
मग तोही घेतो."

मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला.
किती घट चालते?
ती हसली नाही.
बरं, किती गहाळ झालं तर... पुरतं?
तिच्या हातात मृगाचं संत्रं होतं,
नुकतंच नख लावलेलं.
तिनं त्याच्याकडं पाहिलं
आणि हळूच टोपलीत परत ठेवलं.

रात्री झोप नाही.
स्वयंपाकघरात दिवा लावला, तोही कोराडीचाच;
खिडकीतून चिमण्यांवरचे लाल ठिपके
विझत, पेटत.
टोपली मोजली.
कळमन्याहून डझन आणली होती, मी स्वतः निवडून.
अकरा.
पुन्हा मोजली. अकरा.
नख लावलेलं त्यांत आहे,
म्हणजे ते नव्हे.

कुणी खाल्लं असेल.
मीच खाल्लं असेन.
अशा हजार गोष्टी मी त्या रकान्यात टाकून
घरी येऊन जेवलो आहे.
आता ओट्याखाली वाकून, चष्म्याशिवाय,
साल शोधतोय.