पिग्मी खाते क्रमांक ४१७

शेवंताबाईचं खातं मीच उघडलं.
वडगावात, मागांच्या गल्लीत, रोज दिवेलागणीला
मी सायकल भिंतीला लावायचो
आणि ती कांड्या भरायची थांबून
पदराच्या गाठीतून पाच रुपये सोडायची.
माग थांबायचे नाहीत. आम्ही बोटांनी बोलायचो.
पाच. सही. उद्या.

एकदा तिनं सात दिले.
"दोन मोनाप्पाचे. कडोलीत काल गोल घातला,
एक्कावन्न मिळाले, आणि ही बादली."
स्टीलच्या बादलीवर कुणा नगरसेवकाचं नाव होतं,
मोनाप्पाचं नव्हतं.
पुढं तो भाड्यानं खेळायला लागला,
आज या मंडळाकडून, उद्या त्याच मंडळाच्या विरुद्ध,
सामन्याला तीनशे,
जिंकलं तर मटण.

मग चोर्ला घाटातनं एक बस त्याला घेऊन गेली.
"माझा पोरगा गोव्यात खेळूलाय गा!"
बाई मागाच्या खडखडाटावर ओरडून सांगायची.
करार मला दाखवायला आणला होता,
इंग्रजी, सोळा पानं.
मी माझ्या कामाचं तेवढं वाचलं:
महिना बारा हजार, दहा महिने.
मतदार यादीत तो कानडीत,
जर्सीच्या पाठीवर इंग्रजीत,
सही मात्र त्यानं मराठीत केली,
जीभ दातांत धरून,
चौथीतल्या पोरासारखी.

दुसऱ्या वर्षी महिना तीस हजार.
तिसऱ्या वर्षी साडेसात लाख,
त्यातले दहा टक्के दलालाला.
घरावर स्लॅब पडला. मामेभावाला रिक्षा आली.
खासबागच्या मंडळानं कमान उभारली
आणि कमानीचं बिल त्यालाच पाठवलं.
लग्नासाठी फोन, फीसाठी फोन,
एकानं तर म्हशीसाठी केला.
शेवंताबाईनं पिग्मी वाढवली नाही.
"त्याचं त्याला, माझं मला."
पाचच.

चौथ्या वर्षी पाचव्या महिन्यात
गुडघ्यात काहीतरी वाजलं.
तो सांगतो, सुतळी तुटल्यागत वाजलं,
स्टेडियमभर ऐकू गेलं असं त्याला वाटलं,
पण शेजारच्या खेळाडूनंही ऐकलं नव्हतं.
करारातले निम्मे पैसे मिळाले.
तसं अकराव्या पानावर लिहिलं होतं म्हणे.
अकरावं पान मी वाचलं नव्हतं.
ऑपरेशनला दोन लाख ऐंशी हजार.

मला सवय वाईट. एका रात्री बसून हिशोब घातला.
सामने एकसष्ट.
मैदानावर मिनिटं तीन हजार नऊशे चार.
मिळकत पंधरा लाख पंचेचाळीस हजार.
मिनिटाला तीनशे पंच्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे.
आठ रुपयांचा फरक येतो,
तो मला अजून सापडलेला नाही.
मोनाप्पाला कागद दाखवला तर म्हणाला,
"आणि बाकावर बसलो त्याचं?"

आता कंग्राळीच्या रस्त्याला, उसाला लागून,
त्यानं टर्फ टाकलंय भागीत.
तासाला आठशे.
रात्री ऑफिसातली पोरं येतात,
पोटं सांभाळत पळतात, एकमेकांना इंग्रजीत ओरडतात.
शेवंताबाई खुर्चीवर बसून
घामेजलेली नारिंगी बनियनं मोजून घेते,
एक जरी कमी भरलं तर कुणाला सोडत नाही.

माझी सायकल गेली, लुना गेली,
हातात यंत्र आलं. पावती कुई कुई करत बाहेर येते,
महिन्याभरात तिच्यावरचा आकडा उडतो.
म्हणून बाई माझ्याकडून मागं पेनानं लिहून घेते.

परवा मी पोचलो आणि बॉल जाळीवरून उसात गेला.
तो गेला आणायला, पाय किंचित फेकत.
बराच वेळ नुसती पानं हलली.
पोरं मोबाईल काढून उभी.
मग अंधारातून, जिथं तो कुणालाच दिसत नव्हता
तिथून, डाव्या पायानं
बॉल आला, दिव्यांच्या वरनं,
आणि बरोबर मधल्या पांढऱ्या ठिपक्यावर पडला.
एकदाच उसळला. थांबला.

मी पावती फाडायचीच विसरलो.
दुसऱ्या दिवशी त्यानंच आठवण केली:
"कालचे शंभर राहिलेत, काका."