अन

बिराजदार सरांचा क्लास झेरॉक्सच्या दुकानावर, पत्र्याखाली.
मे महिन्यात खडूसुद्धा घामेजतो.
त्या दिवशी फळ्यावर तीन शब्द होते:
अव्हॉइडेबल, एस्केपेबल, इनएव्हिटेबल.
पहिलं टाळता येतं, म्हणाले,
दुसऱ्यातून निसटता येतं,
आणि तिसरं म्हणजे सोलापूरचं ऊन.
सगळे हसले.

मी विचारलं, सर, तिसऱ्यातलं इन काढलं तर?
सर जरा थांबले.
एव्हिटेबल. डिक्शनरीत आहे. पण वापरत नाही कुणी.

म्हणजे शब्द आहे,
ट्रंकेतल्या घडी न मोडलेल्या चादरीसारखा.
आपल्याकडं तरी काय,
अटळ अटळ म्हणतो रोज,
नुसतं टळ कुणी ऐकलंय?

घरी आई विड्या वळत होती,
मांडीवर सूप, बोटाला दोरा.
तिचा एकच शब्द, तप्पदु.
दिवसाला हजार विड्या, तप्पदु.
पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री दोनला, तप्पदु.
नान्ना भिवंडीला गेले तेव्हाही हेच,
डबा बांधता बांधता.

तेलुगूत तप्पु म्हणजे चूक,
तप्पदु म्हणजे चुकत नाही.
मराठीत बघा की, चूक तीच,
आणि मरण कुणाला चुकलंय, हेही त्याच शब्दातलं.
दोघींनी कधीतरी एकमेकींच्या वहीत पाहून लिहिलेलं दिसतंय:
सुटका म्हणजे
अंगावर येणाऱ्या गोष्टीचा नेम चुकणं.

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅचला.
सतरा नंबरच्या मागावर
गुंडेटीच्या नरसय्याची दोन बोटं गेली.
बेल्टवरची जाळी दिवाळीपासून नव्हती.
मालक म्हणाले, इन्शुरन्सला रिपोर्ट पाठव, इंग्लिशमध्ये.
लिही, अनअव्हॉइडेबल ॲक्सिडेंट.

कीबोर्डवर माझी बोटं.
दहा. मोजली मी.
अन.
आमच्याकडं अन म्हटलं की पुढं काहीतरी असतं,
अन मग, अन काय.
इथं तेवढ्यानंच दार लागतं,
जाळीचं बिल आत, नरसय्या बाहेर.

ती दोन अक्षरं मी टाइपच केली नाहीत.
मालकांनी चष्मा कपाळावर ठेवून सही केली.

सोमवारी केबिनमधून हाक आली.
काय लिहायलीस गं हे? केवढी मोठी चूक!
मी म्हणाले,
चुकवता आली असती, साहेब.

उद्या यायचं की नाही, ते सांगितलं नाही त्यांनी.
मीही विचारलं नाही.

रात्री बॅरल धुऊन ठेवलं, नळाला पाइप लावला.
पाण्याची वाट बघत आईला विचारलं,
तप्पुतुंदि म्हणतात का गं?
चुकतं, टळतं, अशा अर्थानं?
म्हणतात की, ती म्हणाली.
दोरा दातानं तोडला,
तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं
आणि पुढचं पान घेतलं.